विचारा ताईला: जोसॉनच्या राजवाड्यात अडकलेल्यांसाठी खास

मागच्या अंकात सहज एक ओळ टाकली होती, कोरियन ऐतिहासिक सिरियल बघणाऱ्यांनो प्रश्न पाठवा म्हणून. (जोसॉन म्हणजे कोरियाचं जुनं राज्य, यातल्या बहुतेक सिरियल त्याच काळातल्या.) वाटलं होतं चार-पाच येतील. शेवटी संपादक मॅडमनी "आता पुरे" म्हटलं तेव्हा कुठे इनबॉक्स शांत झाला. राजे, राण्या, विषाचे वाडगे, दाढीवाले मंत्री, सगळ्यांबद्दल विचारलंय लोकांनी. मी ज्या ग्रुपमध्ये आहे तिथे अकोल्यापासून न्यू जर्सीपर्यंतची मराठी मंडळी आहेत आणि खालच्या उत्तरांतली निम्मी अक्कल त्यांची, तेव्हा क्रेडिट त्यांना आणि शिव्या मला. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, दोघीतिघींनी तर "सासूबाई हेच मासिक वाचतात" असं बजावून सांगितलंय.

प्रश्न: ताई, नात सुट्टीत आली होती तिने दे जांग गुम लावून दिली आणि स्वतः होस्टेलला निघून गेली, मी मात्र अडकले. ५४ भाग संपले, आता बोलू कोणाशी? ह्यांना सांगायला गेलं तर म्हणतात ते सगळे सारखेच दिसतात मला. इंग्रजी वाचता येतं, लिहायला जमत नाही. माझ्यासारख्या म्हातारीला कुठल्या ग्रुपात घेतील का?
— एक आजी, सातारा

उत्तर: आजी, घेतील का काय विचारता, तुमच्यासारख्यांनीच हे ग्रुप भरलेत! आणि आपण फार उशिरा आलो असंही वाटून घेऊ नका. ही सिरियल कोरियात एमबीसी चॅनलवर सप्टेंबर २००३ ते मार्च २००४ चालली, आपल्याकडे २००६ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत डब होऊन आलीसुद्धा होती, पण तेव्हा आपण सगळ्या सासू-सुनांच्या भांडणात इतक्या गुंतलो होतो की ती कधी आली कधी गेली पत्ताच लागला नाही. इराणमध्ये आणि श्रीलंकेत मात्र तिने धुमाकूळ घातला होता, त्यामुळे तुम्ही कुठल्याही मोठ्या इंटरनॅशनल ग्रुपात शिरलात की तेहरानची एखादी बाई आणि कँडीची एखादी बाई "आमच्या लहानपणी रस्ते ओस पडायचे" म्हणून एकमेकींना सांगताना दिसतील. तिथे कोणाचंच इंग्रजी धड नसतं. मोडकंतोडकं लिहा, भाषांतराचं बटण असतं, चालतं.

सुरुवातीला व्हिकी ही सिरियल दाखवणारी साइट बघा, कारण तिथे सिरियल चालू असतानाच त्या त्या सीनवर लोकांनी टाकलेल्या कमेंट स्क्रीनवर येत राहतात, म्हणजे तुम्ही रात्री एकट्या बघत असलात तरी शेजारी दहाजणी बसून नाक पुसतायत असं वाटतं. तिथली सबटायटल्सही बरीचशी प्रेक्षकांनीच हौसेने केलेली असतात. एकजण व्हिडिओचे तुकडे पाडतो, दुसरा भाषांतर करतो, तिसरा तपासतो, आणि पगार कोणालाच नाही. मायड्रामालिस्ट नावाच्या साइटवर आपण काय काय बघितलं त्याची यादी ठेवता येते आणि प्रत्येक सिरियलच्या खाली चर्चा असते. पण मनापासून सांगू का, खरी मजा छोट्या ग्रुपात. पंधरा-वीस माणसं, एकच सिरियल, आठवड्याला दोन भाग. कोरियातही साधारण असंच दोन-दोन भाग दाखवतात आणि मधले पाच दिवस लोक डोकं खातात एकमेकांचं, तेच करायचं. सगळे भाग एका दमात बघून टाकणाऱ्याला ग्रुपचा काही उपयोग नाही, तो पुढचं फोडून मोकळा होतो.

त्यातला तो सीन आठवतो ना, छोट्या जांग गुमला विचारतात पदार्थात गोडाला काय घातलंय, बाकीच्या मुली साखर म्हणतात मध म्हणतात आणि ही म्हणते पिकलेला पर्सिमॉन, आणि कशावरून विचारल्यावर म्हणते की मला पर्सिमॉनची चव लागली म्हणून मी पर्सिमॉन म्हटलं. आमच्या ग्रुपात यावर रात्री साडेबारापर्यंत चर्चा. पर्सिमॉन म्हणजे नेमकं काय हेच कोणाला माहीत नाही! मग नवी मुंबईतल्या एकीने दुसऱ्या दिवशी फळवाल्याच्या गाडीवरचा फोटो टाकला, हिमाचलातून येतं ते जपानी फळ, टोमॅटोसारखं दिसणारं. त्या आठवड्यात सहाजणींनी ते आणून खाल्लं आणि दोघींना अजिबात आवडलं नाही. एकटीने बघताना हे होत नाही, आजी.

प्रश्न: मी शाळेत इतिहास शिकवतो. बायको ह्या मालिका बघते आणि मला ठामपणे सांगते की जांग गुम खरोखर होऊन गेली. मला तर सगळं रचलेलं वाटतं. खरं काय?
— एक शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: सर, वहिनी जिंकल्या, पण पूर्ण नाही. जांग गुम नावाची वैद्य स्त्री होती, जुंगजोंग राजाच्या काळात, म्हणजे १५०६ ते १५४४. तिचे उल्लेख थोडेच आहेत, तेही एकेक दोनदोन ओळींचे. १५१५ मध्ये राणी बाळंतपणानंतर गेली तेव्हा जांग गुमला शिक्षा करा म्हणून दरबाऱ्यांनी लावून धरलं आणि राजाने ऐकलं नाही. नंतर १५४४ मध्ये राजा शेवटच्या आजारात असताना म्हणतो की माझ्या दुखण्याचं त्या वैद्य बाईला ठाऊक आहे. बस, अशाच थोड्या नोंदी. एवढ्या ओळींवर त्यांनी ५४ भाग उभे केले! ती आधी राजाच्या मुदपाकखान्यात होती याला मात्र काहीच आधार नाही, उलट दरबारातला मोठा स्वयंपाक पुरुष आचारी करायचे असं अभ्यासक सांगतात. पडद्यावरचे पदार्थ मात्र मनाने केलेले नव्हते, जोसॉनच्या राजघराण्याच्या पाककलेची परंपरा सांभाळणाऱ्या हान बोक-र्यो यांचा सल्ला त्यासाठी घेतला होता.

आता तुम्ही इतिहासाचे म्हणून जरा लांबण लावते. हे उल्लेख आले कुठून, तर सिल्लोकमधून, म्हणजे जोसॉन राजघराण्याची बखर म्हणू हवं तर, पण बखरीसारखी नंतर कोणीतरी आठवून लिहिलेली नाही. राजा जिथे जाईल तिथे दोन इतिहासकार मागे, हातात कागद, राजा काय बोलला मंत्री काय बोलले सगळं टिपायचं. राजा जिवंत असेपर्यंत काही नाही, तो गेल्यावर त्या नोंदींवरून ग्रंथ करायचा, आणि ग्रंथ झाला की कच्चे कागद राजधानी सोलजवळच्या ओढ्यात धुऊन शाई घालवून टाकायची म्हणजे कोणी काय लिहिलं होतं ते कधीच कळू नये. राजाला स्वतःबद्दलच्या नोंदी वाचायला बंदी. थेजोंग नावाचा राजा १४०४ मध्ये शिकारीला घोड्यावरून पडला, उठल्या उठल्या आजूबाजूला बघून म्हणाला की हे इतिहासकाराला कळू देऊ नका, आणि इतिहासकाराने हे सगळं, "कळू देऊ नका" हे वाक्यसुद्धा, लिहून ठेवलं. २५ राजे, १३९२ पासून पुढे ४७२ वर्षं, १८९३ खंड. १५९२ च्या जपानी आक्रमणात चार ठिकाणच्या प्रतींपैकी तीन जळाल्या आणि जॉन्जू गावातली एकच राहिली, कारण त्या भागातल्या दोन वयस्कर विद्वानांनी ती नेजांगच्या डोंगरात नेऊन लपवली. ती गेली असती तर जांग गुमही गेली असती.

आता हे सगळं कोरियन सरकारने नेटवर फुकट ठेवलंय, मूळ चिनी लिपीत आणि आजच्या कोरियनमध्ये. आमच्या ग्रुपात पुण्याची एक मुलगी कोरियन शिकतेय, भाग संपला की ती त्या त्या वर्षाची नोंद शोधून मराठीत चार ओळी टाकते. सर, तुमच्या वर्गात दहावीच्या पोरांना हा घोड्याचा किस्सा सांगून बघा, साधनं म्हणजे काय ते एका मिनिटात कळेल.

प्रश्न: ताई हेल्प! मी एफवायला आहे, बॉन अपेटीत युअर मॅजेस्टी बघून ह्या नादाला लागले आणि आता इतक्या सिरियल बघितल्यात की कोण कोणाचा बाप कोण कोणाचा नातू काही कळत नाही, सगळ्यांची नावं जोंग नाहीतर जो. ग्रुपवर सगळे पटापट बोलतात आणि मी गप्प बसते.
— गोंधळलेली, पुणे

उत्तर: गप्प बसू नकोस गं, पटापट बोलणारे निम्मे ठोकून देतात. पहिली खूण लक्षात ठेव, नावाच्या शेवटी जो किंवा जोंग असेल तर नीट राज्य करून मेलेला राजा, आणि गुन असेल तर बहुतेक वेळा गादीवरून खेचलेला. यॉनसानगुन १५०६ ला, ग्वांगहेगुन १६२३ ला. तुझ्या सिरियलमधला तो खवय्या देखणा राजा यॉनसानगुनवरूनच बेतलाय, नाव बदललंय फक्त. खऱ्या यॉनसानगुनच्या आईला आधी पदावरून काढलं, मग १४८२ मध्ये विष दिलं, आणि हे प्रकरण उकरून काढून त्याने १५०४ मध्ये दरबारात जे कत्तलसत्र चालवलं ते वाचून तुझं प्रेम जरा कमी होईल. देशभरातून बायका गोळा करून आणवायचा. असो, तो हिरो देखणा आहे हे मान्य.

आता वर्षांचं. आमच्या ग्रुपात एका काकांनी एक युक्ती काढली, आपल्या तारखांना त्यांच्या तारखा बांधायच्या, कारण आपल्या शाळेत घोकलेल्या असतात. १६३६ मध्ये इकडे निजामशाही बुडाली आणि शहाजीराजांना माहुलीचा तह करावा लागला, त्याच वर्षाच्या शेवटी तिकडे उत्तरेकडच्या मांचू लोकांनी जोसॉनवर स्वारी केली, ती माय डिअरेस्ट या सिरियलची गोष्ट. १६७४, रायगडावर राज्याभिषेक, आणि त्याच वर्षी तिकडे सुकजोंग गादीवर आला. सुकजोंग म्हणजे जांग ही-बिन या उपराणीचा नवरा, दोंग यी सिरियलमधला तो हसरा राजा. १६८९, इकडे संभाजीराजांना मारलं, तिकडे सुकजोंगने राणी इनह्यॉनला हाकलून जांग ही-बिनला वर चढवायला सुरुवात केली, पाच वर्षांनी मन फिरलं आणि इनह्यॉनला परत आणलं, आणि १७०१ मध्ये इनह्यॉन आजारपणात गेली व जांग ही-बिनला विष प्यावं लागलं. तेव्हा इकडे ताराराणी औरंगजेबाशी झुंजत होत्या. बघ, आता विसरशील का?

पुढचं घराणं तर एका सरळ रेषेत बघता येतं. दोंग यी म्हणजे सुकजोंगची ती दासी, तिचा मुलगा यॉन्गजो. त्याचं तरुणपण हेची या सिरियलमध्ये. त्याचा मुलगा सादो, तो द थ्रोन या सिनेमात. सादोचा मुलगा जॉन्गजो, त्याच्यावर यी सान आणि द रेड स्लीव्ह या सिरियल. ह्या क्रमाने बघ आणि मग ग्रुपवर तोंड उघड, बघ कोण गप्प बसतं ते.

प्रश्न: द थ्रोन बघितला आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. बापाने पोटच्या पोराला तांदळाच्या पेटीत कोंडून मारलं हे खरंच झालं का हो? कुठला बाप असं करेल?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर: खरंच झालं, वहिनी. १७६२ च्या जुलैत. पानिपत होऊन दीड वर्ष झालं होतं इकडे. यॉन्गजो राजाने युवराज सादोला भर उन्हाळ्यात धान्याच्या लाकडी पेटीत शिरायला लावलं आणि आठ दिवसांनी तो त्यातच गेला. पेटीच का, तर युवराजाला गुन्हेगार म्हणून विष दिलं असतं किंवा फाशी दिली असती तर त्याच्या बायकोपोरांवरही बालंट आलं असतं आणि नातू गादीवर बसू शकला नसता, असं कारण बरेचजण देतात. नातू तेव्हा दहाचाही पूर्ण झाला नव्हता. वाचवा म्हणून आजोबांच्या विनवण्या करणारा तो मुलगा.

सादोला वेड लागलं होतं, तो नोकरचाकरांना मारायचा, हे त्याची बायको ह्येग्यॉन्ग हिने म्हातारपणी स्वतः लिहून ठेवलंय. आता प्रश्न असा की तिचं माहेर दरबारातल्या ज्या गटात होतं त्या गटाचाही यात हात असल्याचं म्हणतात, मग तिने लिहिलेलं किती खरं धरायचं? यावर ग्रुपमध्ये दोन तट आहेत. एक तट म्हणतो ती बाई नवऱ्याबद्दल असं उगाच लिहिणार नाही, तिला काय मिळणार होतं. दुसरा म्हणतो माहेर वाचवायचं होतं. मी पहिल्या तटात आहे, कारण बापाचा धाक आणि त्यातून पोराचं दिवसेंदिवस बिथरत जाणं तिने ज्या बारकाव्याने सांगितलंय ते रचून सांगता येत नाही असं मला वाटतं. राजाला भेटायला जायचं म्हटलं की सादोला कपडे घालता यायचे नाहीत, एक चढवायचा, फेकायचा, दुसरा मागायचा, जाळायचा. हे कोण रचेल?

मन हलकं करायचं असेल तर पुढचं बघा. नातू जॉन्गजो १७७६ ला गादीवर आला. त्याने बापाची समाधी सुवॉनला हलवली, तिथे अख्खा किल्ला बांधला १७९४ ते ९६ मध्ये, आणि १७९५ ला आईची साठी करायला प्रचंड लवाजम्यासकट तिला सुवॉनला घेऊन गेला. मिरवणुकीत कोण कुठे चालत होतं त्याची चित्रं आजही आहेत. आणि द रेड स्लीव्हमध्ये महालातली ती दासी सॉन्ग दॉक-इम राजाला नाही म्हणते ते लेखकाच्या मनातलं नाही, तिने त्याला दोनदा नकार दिला होता, मध्ये पंधरा वर्षांचं अंतर, आणि हे ती गेल्यावर जॉन्गजोने तिच्या स्मृतिलेखात स्वतः लिहिलंय. राजा असून! ते वाचलं तेव्हा आमच्या ग्रुपात दिवसभर कोणी दुसरं काही टाकलंच नाही.

प्रश्न: ते सगळे मंत्री एकदम गुडघ्यावर बसून एका सुरात काय ओरडतात? आणि राजा राजा असून त्यांना घाबरतो का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर: महाराज, पुन्हा विचार करावा, अशी विनंती असते ती. विनंती म्हणजे नावाला, खरं तर दमदाटी. जोसॉनचा राजा म्हणजे मनाला येईल ते करणारा असं नव्हतं. राजाला रोज विद्वानांसमोर बसून ग्रंथ शिकायला लागायचे, राजाच्या चुका काढणं हेच काम असलेली वेगळी खाती होती, आणि मोठं भांडण झालं की मंत्री गवताच्या चटया टाकून महालासमोर बसायचे, आम्हाला मारा नाहीतर ऐका. सॉन्गग्युनग्वान या राजधानीतल्या विद्यापीठाची पोरं तर जेवणावर बहिष्कार टाकून भोजनगृह रिकामं ठेवायची. यॉनसानगुनला ह्या सगळ्याचा इतका राग की त्याने ते विद्यापीठच बंद करून मौजमजेचा अड्डा केला. पुढे काय झालं ते वर सांगितलंच.

प्रश्न: आमचा सव्वाशे जणांचा ग्रुप आहे, मी अ‍ॅडमिन. रोज एकच भांडण. एक पार्टी म्हणते इतिहासाची वाट लावली, दुसरी म्हणते अहो सिरियल आहे, डोकं बाजूला ठेवून बघा. परवा तिघीजणी सोडून गेल्या. काय करू?
— वैतागलेली अ‍ॅडमिन, ठाणे

उत्तर: हे भांडण तुमच्या ग्रुपात नाही, खुद्द कोरियात चालू आहे आणि तिथे तर सिरियल बंद पडते. मार्च २०२१ मध्ये एसबीएस चॅनलवर जोसॉन एक्सॉर्सिस्ट नावाची भुताखेतांची सिरियल आली, थेजोंग राजाच्या काळातली, हो तोच घोड्यावरून पडलेला. पहिल्या आठवड्यात एका मेजवानीच्या सीनमध्ये चिनी पद्धतीचे मूनकेक वगैरे दिसले, वर थेजोंग निरपराध लोकांना कापतो असं दाखवलं, झालं, लोक पेटले, राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज गेले, जाहिरातदार एकेक करून पळाले आणि दोन भाग दाखवून चॅनलने गाशा गुंडाळला. बरंचसं शूटिंग झालेलं होतं तरी. आपल्याला वाटेल एवढं काय मूनकेकचं, पण त्याच्या आधीच काही महिने किमची हे कोबीचं लोणचं कोणाचं, हानबोक हा पारंपरिक पोशाख कोणाचा यावरून चिनी आणि कोरियन लोकांची नेटवर जुंपलेली होती, आणि त्याआधी गोगुर्यो हे प्राचीन राज्य चीनच्या इतिहासात धरायचं की कोरियाच्या यावरून वाद. जखम जुनी होती. इतिहासावरून कोण कधी पेटेल हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

आम्ही एक साधी सवय लावून घेतली. इतिहासाबद्दल कोणी काही ठासून सांगितलं की पुढे लिहायचं कुठून आलं, सिल्लोक, पुस्तक, म्युझियम, काहीही. कुठून आलं सांगता येत नसेल तर शेवटी "मसाला" असं लिहायचं. मसाला वाईट नाही, त्याच्यावरही भरपूर गप्पा होतात, पण त्यावरून कोणी कोणाला अडाणी म्हणायचं नाही. भांडणं अर्धी झाली. उरलेली अर्धी कोणता हिरो देखणा यावरून असतात, त्याला इलाज नाही. आणि त्या तिघींना तुम्ही स्वतः फोन करा, ग्रुपवर लिहू नका.

प्रश्न: टेलिग्रामवर सगळं फुकट मिळतं, मग पैसे का भरायचे?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: कारण त्यात निम्म्या सबटायटल्सचा पत्ता नसतो आणि लिंकसोबत मोबाइलमध्ये काय शिरेल सांगता येत नाही. फुकटच हवं ना, केबीएस वर्ल्ड या कोरियन वाहिनीच्या यूट्यूब चॅनलवर जुन्या ऐतिहासिक सिरियल त्यांनीच इंग्रजी सबटायटल्ससकट ठेवल्यात. तिथून सुरुवात कर.

प्रश्न: फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की कोरियाची पहिली राणी आपल्या अयोध्येची होती. ग्रुपवर टाकू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: टाका, पण अर्धंच खरं म्हणून टाका. साम्गुक युसा नावाचा ग्रंथ आहे, इर्यॉन नावाच्या बौद्ध भिक्षूने तेराव्या शतकात लिहिलेला. त्यात गोष्ट आहे की आयुथा देशाची राजकन्या हो ह्वांग-ओक इसवी सन ४८ मध्ये जहाजातून आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाशी तिचं लग्न झालं. आयुथा म्हणजेच अयोध्या असं बरेच कोरियन मानतात, गिमहे शहरात तिची समाधी दाखवतात, २००१ मध्ये अयोध्येत तिचं स्मारकही झालं. पण ग्रंथ लिहिला गेला तो घटनेनंतर हजार-बाराशे वर्षांनी, आणि इतिहासकारांचं आयुथा नेमकं कुठलं यावर एकमत नाही. शिवाय गाया हे तिथल्या छोट्या राज्यांपैकी एक, अख्ख्या कोरियाची राणी वगैरे नाही. सुरो राजावर २०१० मध्ये एमबीसीने सिरियल केलीय, त्यात ती आहे. तर हे सगळं लिहून शेवटी "मसाला" जोडा.

प्रश्न: आमच्या ग्रुपातल्या आम्ही पाचजणी सोलला जायचं ठरवतोय. काय बघू?
— पाच मैत्रिणी, नागपूर

उत्तर: व्हिसा लागतो आपल्याला, ते आधी करा. ग्योंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद असतो, हे विसरून भरपूर लोक गेटवरून परत येतात. हानबोक भाड्याने घालून गेलात तर तिकीट माफ, आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत भाड्याची दुकानंच दुकानं आहेत. हा राजवाडा १३९५ चा खरा, पण १५९२ ला जळाला आणि १८६७ ला परत उभा राहिला, म्हणजे मधले पावणेतीनशे वर्षांचे राजे तिथे राहिलेच नाहीत! सुकजोंग, यॉन्गजो, जॉन्गजो यांच्यासाठी चांगदॉकगुंगला जा आणि मागच्या बागेचं वेगळं तिकीट आधी काढून ठेवा, तिथे माणसं मोजून सोडतात. एक दिवस सुवॉनला ठेवा, मेट्रोने होतं. तटबंदीवरून पूर्ण चालायचं, गुडघे दुखतायत म्हणून अर्ध्यात बसायचं नाही. उन्हाळ्यात गेलात तर हानबोकाचा नाद सोडा, घामाने फोटो काळे येतात.

प्रश्न: माझे बाबा ७४ वर्षांचे, राण्यांच्या रडारडीला कंटाळलेत, त्यांना लढाया हव्यात. आणि आता म्हणतात मलाही ग्रुपात घाल. काय दाखवू, घालू का?
— एक मुलगा, चिपळूण

उत्तर: चिपळूणचे म्हणजे समुद्र, आरमार, कान्होजी आंग्रे हे सगळं अंगात असणार, त्यांना सरळ ॲडमिरल यी सून-शिनवरची केबीएसची जुनी सिरियल लाव, २००४-०५ ची, १०४ भाग. पावसाळा निघेल. १५९७ मध्ये म्यॉन्गन्यांगच्या खाडीत ह्या माणसाने १३ जहाजांनिशी जपानच्या शंभरावर जहाजांना तोंड दिलं, आणि ते शौर्यावर नाही, भरती-ओहोटीच्या हिशोबावर. खाडी अरुंद, पाण्याला ओढ भयंकर, प्रवाह कधी फिरणार हे त्याला माहीत. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला लागणार नाही. त्याची रोजनिशीही आहे, युद्ध चालू असताना लिहिलेली, त्यात आजचा वारा कसा, आईची काळजी, पोटदुखी, कोणाला फटके दिले, सगळं. जमिनीवरची लढाई हवी असेल तर गोर्यो-खितान वॉर ही सिरियल, ३२ भाग, जोसॉनच्या आधीचं गोर्यो राज्य आणि उत्तरेचे खितान लोक यांच्यातली १०१९ ची ग्विजूची लढाई. त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात इतिहास सोडला म्हणून कोरियात बोंब झाली होती, पण लढाया झकास.

ग्रुपात घाल की. आमच्याकडे बाबालोक आले की चर्चा सुधारते, तलवारी आणि घोडे त्यांना बरोबर कळतात. फक्त पहाटे पाचला सुप्रभातचे फोटो टाकायला आमच्याकडे बंदी आहे, तेवढं आधीच सांगून ठेव.